खांबावरचे तीन खिळे आणि चौकाची लेव्हल

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत माझ्या आत्तीचं घर आहे. जुना वाडा, म्हणजे सरदारांचा बिरदारांचा नाही, साधाच, दिंडी दरवाजा, देवडी, मधी चौक, चौकाच्या तीन अंगांना सोपा, वर माडी आणि मागं परडं. त्या चौकातल्या डाव्या हाताच्या खांबाला तीन खिळे ठोकलेत. पहिला मामांनी, म्हणजे आत्तीच्या मालकांनी, २००५ च्या पुरानंतर ठोकला, तेव्हा मी दहावीत होते आणि चिखल काढायला आम्ही सगळी भावंडं गेलेलो, खांबावर जिथपर्यंत गाळाचा पट्टा उमटलेला तिथं बरोबर मामांनी खिळा मारला आणि म्हणाले, आता पुढच्याला कळंल. दुसरा २०१९ चा, तो पहिल्यापेक्षा बराच वर, सोप्यावर उभं राहिलं की माझ्या कमरेला लागतो. तिसरा २०२१ चा, दुसऱ्याच्या अगदी जवळ, तो दादानं, म्हणजे आत्तीच्या मुलानं, मारला कारण तोवर मामा राहिले नव्हते.

इतकी वर्षं हे खिळे डोळ्यासमोर होते पण त्यांच्याकडं नीट बघायची वेळ यंदा आली, कारण वाडा जाणार आहे. करार झालाय, दिवाळीनंतर पाडायला घेणार, खाली पार्किंग आणि वर चार मजले. दादाला मी काय बोलू शकत नाही. माडीच्या दोन तुळया वाळवीनं खाल्ल्यात, पावसाळ्यात तीन ठिकाणी घमेली ठेवावी लागतात, लागोपाठ दोन पुरांनी भिंती आतनं फुगल्यात. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, एस्टिमेट काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळं दुरुस्तीचा आकडा मीच काढून दिलेला आणि तो बघून मीच गप्प झालेले. मग म्हटलं पाडायच्या आधी निदान घराची सगळी मापं घेऊन प्लॅन तरी काढून ठेवू. एका रविवारी टेप, वही, खडू आणि गवंड्यांची पाण्याची नळी घेऊन गेले. पाणसळ म्हणा, लेव्हल ट्यूब म्हणा, पारदर्शक पाईपमध्ये पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन्ही टोकं उघडी धरली की दोन्हीकडं पाणी एका पातळीला येऊन थांबतं. एवढं साधं आणि एवढं खरं दुसरं अवजार नाही बघा. साईटवर लेझर आलं तरी आमचे जुने मिस्त्री शेवटी नळीनंच खात्री करतात.

आत्ती सोप्यावर लसूण सोलत बसलेली. "कशाला गं मोजतीस, पाडायचंच हाय की आता," म्हणाली. म्हटलं म्हणूनच मोजते.

तर पहिलं माप घेतलं आणि तिथंच अडकले. बाहेरचा रस्ता आणि आतला चौक यांची लेव्हल काढली तर चौक रस्त्यापेक्षा एक फूट अकरा इंच खाली. मला वाटलं नळीत हवा राहिली. परत भरली, परत घेतली, तेवढंच. आता कुठलाही शहाणा माणूस नदीपासून हाकेच्या अंतरावर घर बांधताना चौक रस्त्याच्या खाली ठेवंल का? आणि हे घर बांधणारी माणसं तर भलतीच शहाणी होती, ते घरातल्या प्रत्येक गोष्टीत दिसतं.

उत्तर आत्तीकडंच होतं. ती सहज म्हणाली, "मी लग्न होऊन आलो तवा पाच पायऱ्या चढून उंबऱ्यावर आलो, शालू सांभाळत. आता एकच ऱ्हायली." आणि मला एकदम मार्चमधला चर आठवला. ड्रेनेजच्या लाईनीसाठी दारापुढं चर मारलेला तेव्हा मातीत घडीव दगड दिसलेले, कामगारांनी दोन दिवसांत बुजवूनबी टाकले, दादानं मोबाईलवर फोटो काढलेला. फोटो मोठा करून बघितला. पायऱ्या. एकाखाली एक चार. वर जी एक दिसते ती धरून पाच. प्रत्येक पायरी सात इंचाची, म्हणजे चार पायऱ्या गिळल्या म्हणजे रस्ता दोन फूट चार इंच वर आलाय. आता हिशेब केला तर मूळ चौक रस्त्यापेक्षा पाच इंच वर होता. पाचच इंच, पण तेवढे बास झाले. चौकाच्या कोपऱ्यात दगडी मोरी आहे, ती देवडीच्या खालनं भिंतीतनं बाहेर काढलीय, चौकात पडलेला पाऊस, न्हाणीचं पाणी, सगळं त्या पाच इंचाच्या उतारानं आपोआप बाहेर जायचं. आज उलटं झालंय, जोराचा पाऊस झाला की गटारीचं पाणी त्याच मोरीनं आत येतं. आत्तीनं मोरीत पोत्याचा बोळा कोंबलाय आणि चौकात अर्धा एचपीची मोटर ठेवलीय. म्हणजे घरानं काय चूक केली नाही. घर होतं तिथंच आहे, गाव वर चढलं.

ही गोष्ट डोक्यात शिरली आणि मग काय मला झोप नाही. रस्ता करताना जुना थर खरवडायचा असतो, तो न खरवडता वर नवीन डांबर टाकतात, वरनं पुराचा गाळ, पाडलेल्या घरांची माती, पाईपलाईन टाकल्यावर पसरलेला मुरूम, असं करत करत रस्ते वर येतात, इंजिनिअरिंगमध्ये यात नवीन काय नाही. पण त्याचा अर्थ असा की जुन्या कोल्हापूरची खरी जमीन आता रस्त्यावर कुठंच दिसत नाही, ती फक्त वाड्यांच्या चौकात शिल्लक आहे. चौकावर कोण डांबर टाकत नाही. आजीनं सारवलं, सुनेनं शहाबादी फरशी बसवली, एवढाच काय तो थर. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पेठ कुठल्या लेव्हलला होती ते बघायचं असेल तर दिंडीतनं वाकून आत जायचं आणि चौकात उभं राहायचं.

मग मी पेठा पालथ्या घालायला लागले. दर रविवारी एक-दोन घरं, ओळखीच्या ओळखीनं. कोल्हापुरात हे सोपं आहे, दारात उभं राहून "काकू, चौक बघू का जरा" म्हटलं की आधी चहा येतो आणि मग चौक. मंगळवार पेठेत मैत्रिणीच्या आजोळी गेले तर तिथं चौक रस्त्याच्या जेमतेम सात इंच खाली, कारण तो भाग उंचावरचा, गाळ तिथं पोचत नाही, जे काय चढलंय ते डांबरानं. शनिवार पेठेत एका घरात मात्र उंबरा ओलांडला की सरळ उतरायच्याच पायऱ्या लागतात आणि घरातल्या लोकांना वाटतं की वाडा पहिल्यापासनं असाच खोलगट बांधलाय. मी त्यांना उथळं दाखवलं, म्हणजे लाकडी खांबाच्या बुडाचा घडीव दगड. उथळं हे कायम जमिनीच्या वर दिसलं पाहिजे, लाकडाला ओल लागू नये म्हणूनच ते असतं. देवडीतलं उथळं अर्धं फरशीखाली गेलेलं आणि चौकातलं पूर्ण उघडं. ते काका किती तरी वेळ खाली बसून त्या दगडावरनं हात फिरवत होते.

तिथनं जवळच बुरुड गल्लीत खोल खंडोबाचं देऊळ आहे. नाव लहानपणापासनं ऐकलेलं, कधी विचार केला नव्हता. खाली उतरून दर्शन घ्यायचं, म्हणून खोल. आता मोजपट्टी घेऊन फिरताना त्या पायऱ्या उतरले आणि अंगावर काटा आला, कारण जे आत्तीच्या चौकाचं दोन-चार पिढ्यांत झालं तेच या देवळाचं कित्येक शतकांत झालंय. कोल्हापूर मुळात एक गाव नव्हतंच. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोल खंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा वस्त्या होत्या, मधनं तळी, झाडी, आणि अंबाबाईचं देऊळ, आणि त्या एकमेकींत मिसळत मिसळत शहर झालं. त्यातली सगळ्यात जुनी ब्रह्मपुरी, पंचगंगेच्या काठची टेकडी. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. त्या टेकडीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती, रोमन बनावटीची, आपल्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. वीतभरापेक्षा लहान. शाळेच्या सहलीत आम्ही तिच्यापुढनं पळत गेलेलो, हत्तीदंत आणि तलवारी बघायला. यावेळी तासभर उभी होते. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा एक देव पंचगंगेच्या काठी कुणाच्या तरी घरात होता, त्या घरालाबी अंगण असणार, त्या अंगणाचीबी एक लेव्हल असणार, आणि तिच्यावर आख्खं गाव चढत गेलं.

अंबाबाईच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड आठवा. किती वर्षं ते मातीखाली होतं, आपण त्याच्यावरनं चालत दर्शनाला गेलो, आणि अलीकडं खणलं तर दगडी पायऱ्यांसकट कुंड जिथल्या तिथं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ, तळं होतं ते. कपिलतीर्थात आता भाजी मंडई भरते. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. पद्माळा, सिद्धाळा, नावं राहिली आणि पाणी गेलं. गेलं असं आपण म्हणतो, पण दर जुलैला गांधी मैदानात गुडघाभर पाणी साचतं तेव्हा पेपरात फोटो येतात आणि लोक चिडतात, मला आता वाटतं ते पाणी त्याच्या घरी आलेलं असतं. त्याचीबी लेव्हल तीच आहे की.

पाण्यावरनं आठवलं, चौकातला आड. हे मला या सगळ्यात जास्त भावलेलं प्रकरण आहे त्यामुळं जरा सविस्तर सांगते.

आत्तीच्या चौकाला तीनच अंगांना सोपा आहे हे वर लिहिलंय. चौथ्या अंगाला सरळ उंच भिंत. माप घेताना ती भिंत मला खटकत होती, जाडी बाकी भिंतींच्या निम्मी, विटा वेगळ्या, आणि तिच्या बुडाशी फरशीतनं एका उथळ्याचा कोपरा वर आलेला. खांब नाही आणि उथळं आहे. म्हणजे चौथा सोपा होता, वाडा चौसोपी होता, आणि ही भिंत मागाहून घातलीय. आत्तीला विचारलं तर म्हणाली, व्हय, ती वाटणीची भिंत, आजेसासऱ्यांच्या वेळची. दोघा भावांचं जमलं नाही, चौकाच्या मधनं भिंत घातली, चौथा सोपा पलीकडं गेला. पण आड बरोबर मधी. जमीन वाटता येते, भांडी वाटता येतात, पाणी कसं वाटणार? तर गवंड्यानं आडाच्या तोंडावर दगडी कमान टाकली आणि भिंत त्या कमानीवरनं नेली. खाली आड अखंड, वर तोंड अर्धं इकडं, अर्धं तिकडं. दोन्हीकडं रहाट. इकडची पोहऱ्याची दोरी खाली सोडली की तिकडच्या दोरीला लागायची, आत्ती सांगत होती, सकाळच्या पाण्याला दोघी जावा एकदमच यायच्या आणि भिंतीच्या अलीकडनं-पलीकडनं, तोंड न बघता, आडात वाकून बोलायच्या. घरातल्या बाप्यांचं बोलणं बंद होतं पण बायकांचं आडातनं चालूच होतं. लेकीचं जमलं, म्हैस व्याली, आज आमटी बिघडली, सगळं. आडात आवाज घुमतो त्यामुळं हळू बोललेलंबी ऐकू जायचं.

पेठेतल्या बहुतेक वाड्यांत आड होते आणि तरीही प्यायचं पाणी बाहेरनंच यायचं, कारण आडाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ. बायका पंचगंगेवरनं घागरी आणायच्या. कळंब्याच्या पुढं कात्यायनीचा डोंगर आहे, तिथल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळानं गावातल्या हौदांपर्यंत आणलेलं, नंतर कळंबा तलावाचं पाणी आलं. मंगळवार पेठेत 'पाण्याचा खजिना' म्हणून भाग आहे, बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगताना मला पूर्वी त्या नावात काय वाटायचं नाही, आता वाटतं की पाणी साठवायच्या टाकीला ज्या गावानं खजिना म्हटलं त्या गावाला पाण्याची किंमत कळलेली होती. तालमींची नावं बघा, पाटाकडील तालीम आणि तटाकडील तालीम. या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत, सीझनला आपण घसा फोडून ओरडतो, पाटाकडील पाटाकडील, पण त्या नावात पाण्याचा पाट आहे आणि दुसऱ्यात गावाचा तट. तटातलं आता जे काय उभं दिसतं ते बिंदू चौकातल्या बुरुजापाशी. वेशी सगळ्या गेल्या पण गंगावेश, रंकाळावेश ही नावं रोज केएमटी बसचा कंडक्टर ओरडतो. तट पाडला, पाट बुजला, तळी भरली, आणि नावं तेवढी जमिनीच्या वर राहिली. उथळ्यासारखीच.

२०१९ च्या ऑगस्टचं सांगायचं राहिलं. ज्यांनी तो आठवडा कोल्हापुरात काढलाय त्यांना काय सांगायचं. पाऊस लागला की आपल्याकडं फोनवर खुशाली विचारत नाहीत, "पाणी किती फुटावर?" असं विचारतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाबी पाठ. त्यावेळी सगळे आकडे मागं पडले. आत्तीच्या घरात चौक तर केव्हाच बुडाला, मग सोपा, मग पाणी माडीच्या जिन्याला लागलं आणि दादा घरच्यांना बोटीतनं घेऊन गेला. पाणी ओसरलं तेव्हा शहरातले उपसा करणारे पंप पाण्याखाली जाऊन बंद पडलेले, नळाला दिवसेंदिवस थेंब नाही. आख्ख्या गावाभोवती पाणी आणि धुवायला पाणी नाही. तेव्हा आड आठवला. त्याच्यात गाळ भरलेला, मेलेलं काय काय पडलेलं. अलीकडनं दादा आणि पलीकडनं तिथल्या काकींचा मुलगा, दोघांनी दोन्ही बाजूंनी मोटरी लावल्या, तीन वेळा उपसला, ब्लीचिंग टाकलं, आणि चौथ्या दिवशी त्या पाण्यानं दोन्ही घरं धुतली. प्यायचं टँकरचं, पण भिंती, भांडी, कपडे सगळं आडाच्या पाण्यावर. पलीकडच्या काकी तेव्हा पहिल्यांदा आत्तीच्या सोप्यावर बसून जेवल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, कारण भिंतीला दारच नाही, रस्त्यानं फिरून यायला लागतं आणि कोण मुद्दाम येत नव्हतं.

शेजारच्या नवीन बिल्डिंगीत त्यावेळी काय झालं तेबी सांगितलं पाहिजे, कारण हा माझा धंदा आहे. पार्किंग बुडालं, मीटर बोर्ड बुडाला, लिफ्टचा खड्डा भरला, पंधरा दिवस वीज नाही. आत्तीच्या वाड्यात पाणी आलं आणि गेलं, कारण घराची रचनाच तशी. पहिलं पाणी चौक झेलतो, नंतर सोपा, सोपा चौकापेक्षा अडीच फूट वर, धान्याचं बळद त्याच्याबी वर माजघरात, आणि मौल्यवान सगळं माडीवर. जोत्याला घडीव काळा दगड, पाण्यात आठवडाभर राहिला तरी काय होत नाही. बिघडलं ते वरचं, पांढऱ्या मातीच्या भिंती, आणि त्यासुद्धा एवढ्या बिघडल्या कारण रस्ता चढल्यामुळं पाणी जिथवर यायला नको होतं तिथवर आलं आणि मोरी उलटी झाल्यामुळं लवकर गेलं नाही. मला हे ठामपणे म्हणायचंय. जुनी घरं पुरात टिकत नाहीत असं सरसकट बोललं जातं ते बरोबर नाही, ती त्यांच्या लेव्हलला टिकत होती. आपण लेव्हल बदलली.

आता चौकाबद्दल बोलताना भवानी मंडप सोडून कसं चालंल. आपण त्याला स्टॉप म्हणून ओळखतो, मंडपात भेटू, मंडपातनं वळ, पण तो जुन्या राजवाड्याचा चौकच आहे. करवीरची राजधानी पन्हाळ्यावरनं खाली कोल्हापुरात आली अठराव्या शतकाच्या शेवटाला, आणि मग सरदार, मानकरी, कारकून, सगळ्यांना राजवाड्याच्या जवळ घर पाहिजे झालं, पेठा भरत गेल्या, तिथनं हे वाड्यांचं पीक. राजाचा चौक मोठा, कारकुनाचा लहान, पण नकाशा तोच, मधी आभाळ आणि भोवती माणसं. दसऱ्याला भवानीची पालखी आजबी त्याच चौकातनं निघते आणि सीमोल्लंघनाला दसरा चौकात जाते. मी मंडपात नळी लावली नाही, तिथं परवानगी पाहिजे, पण नगारखान्याच्या कमानीच्या बुडाकडं बघत बसले होते बराच वेळ.

आणि अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येतं आणि देवीच्या पायांपासनं वर चढतं. काही वर्षी किरणं पुरती पोचत नाहीत, मग वाटेतली बांधकामं मोजतात. म्हणजे पूर्वीच्या माणसांनी नुसती जमिनीची नाही तर उन्हाचीबी लेव्हल धरलेली. दिशा, उंची, सगळं. आणि आमच्या आत्तीच्या चौकातबी उन्हाचं तसंच आहे. उन्हाळ्यात तिखट वाळवायचं तर मिरच्या सकाळी चौकाच्या या कोपऱ्यात, दुपारी त्या कोपऱ्यात, ऊन कुठल्या फरशीवर किती वाजता येतं ते तिला न बघता माहीत. चौकात जमिनीत पुरलेलं उखळ आहे, त्याच्या काठाला एका बाजूला झीज जास्त. का? कारण कांडपाला बसणारी बाई कायम सावलीच्या बाजूला बसायची, मुसळ तिकडनं यायचं. चार पिढ्यांची चटणी त्या उखळात कांडली गेलीय. मी त्याच्यात हात घातला, आतनं आरशासारखं गुळगुळीत, आणि खरं सांगते, बोटं नाकाशी नेली तर तिखटाचा वास आला. आत्ती म्हणाली, यील की, दगड पितो.

आत्तापर्यंत अकरा चौक मोजून झालेत. तुमच्या घराला किंवा आजोळाला चौक असेल तर एवढं करा, रस्ता आणि चौक यांच्यातली उंची, उंबऱ्याच्या बाहेर किती पायऱ्या दिसतात आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला किती आठवतात, आणि मोरी बाहेर कुठं निघते. तीन गोष्टी. नळी दोनशे-अडीचशे रुपयाला मिळते. पाडायच्या आधी करा, पाडल्यावर जेसीबी पहिल्यांदा चौकच भरून घेतो, वाड्याच्याच मातीनं, कारण त्याला प्लॉट लेव्हलला पाहिजे असतो.

गेल्या रविवारी आत्तीकडचं शेवटचं माप राहिलेलं. भिंतीच्या पलीकडचा अर्धा चौक. तिकडची लेव्हल तीच आहे का बघायचं होतं, चौक मुळात एक असेल तर तीच यायला पाहिजे. काकींना फोन केला, म्हणाल्या ये की, मी बसतो आडापाशी. मी दोरीला दगड बांधून नळीचं एक टोक आडात सोडलं, काकींनी त्यांच्या रहाटाच्या आकड्यानं ते कमानीखालनं तिकडं ओढून घेतलं. इकडचं टोक आत्तीच्या हातात, मामांच्या पहिल्या खिळ्याला लावून. मी त्यांना सांगितलं, हळूहळू वरखाली करा, पाणी बरोबर खिळ्यावर आलं की थांबा. दोघींनाबी गुडघ्याचा त्रास, पण कोण हलायला तयार नाही. नळीतलं पाणी वरखाली झालं, थरथरलं.

"थांबलं का गं?" आत्तीनं आडात वाकून विचारलं.

"थांबलं बघ," खालनं आवाज आला. "आता खडूनं खूण करतो. तू हात हलवू नको."